मिठाच्या पाण्याचा डाव

माठावरचं झाकण वाजलं. घर इतकं शांत होतं की तांब्या पाण्यात बुडाला, तोही आवाज पलंगापर्यंत आला.

रविवारची सकाळ. माझ्या लेकीचा, ओजूचा एक पाय माझ्या पोटावर होता आणि मी हलत नव्हते. हलले की ती उठणार, उठली की ‘आबा कुठायत’ म्हणत स्वयंपाकघरात धावणार. मला मात्र आबांसमोर जायच्या आधी चेहरा नीट करायला थोडा वेळ हवा होता. आदल्या संध्याकाळी डॉक्टर मुजावरांचा फोन आला होता.

“प्रांजल, वस्तादांचं रक्त पातळ होत चाललंय,” त्या म्हणाल्या होत्या. “हिमोग्लोबिन सारखं उतरतंय. सध्या त्यांना जे औषध चालू आहे त्यानं रक्त दाट व्हायला हवं. उलटं होतंय म्हणजे आजार हाडांच्या मज्जेत शिरला असण्याची शक्यता आहे. मंगळवारी त्यांना घेऊन या. तपासू.”

“आणि शिरला असेल तर?”

“मंगळवारी बोलू,” त्या म्हणाल्या, आणि हे एवढंच उत्तर फार मोठं होतं.

झाकण पुन्हा वाजलं. पुन्हा तांब्या. रक्त कमी झालेल्या माणसाला इतकी तहान लागते का, हे मला माहीत नव्हतं. मी छताकडे बघत आबांचे घोट मोजायला लागले आणि मध्येच मोजायचं सोडून दिलं, कारण डोळ्यांतलं पाणी कानात जायला लागलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील, शामराव चौगुले. कोल्हापुरात आमच्या पेठेत त्यांना या नावानं हाक मारली तर ते स्वतःही वळून बघणार नाहीत. ते वस्ताद. तालमीतल्या लाल मातीत त्यांनी निम्मं आयुष्य काढलं, आणि उरलेल्या निम्म्यात त्या मातीत ताक, तेल, हळद मिसळून ती मऊ ठेवली. माझ्या लहानपणी मला जाग यायच्या आधी ते तालमीत गेलेले असायचे आणि मला झोप लागल्यावर परत यायचे. आई म्हणायची, “तुझ्या वडलांचे दंड सगळ्या गावाला माहिताहेत, मांडी कुणालाच माहीत नाही.”

आई गेली. मग आबांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला, आणि कळला तेव्हाच तो कंबरेच्या हाडात आणि मणक्यात पोचलेला होता. मी ओजूला घेऊन माहेरी राहायला आले. माझं काम घरूनच चालतं, नवरा पुण्याहून शनिवार-रविवारी येतो. तो या रविवारी आला नव्हता.

हा रोग पुरुषी संप्रेरकावर जगतो. ज्या रसायनानं मुलाचा आवाज फुटतो, दंड भरतात, दाढी येते, तेच या पेशींचं अन्न. म्हणून पहिला उपाय सरळ होता: अन्न बंद करायचं. एक इंजेक्शन, रोज गोळ्या, आणि शरीरातलं ते संप्रेरक जवळजवळ शून्यावर. गाठी सुकतात. पण सगळ्या नाही. काही पेशी उपासमारीत जगायला शिकतात. अन्नाचा एक कण दिसला तरी पकडता यावा म्हणून त्या अंगभर दारं उघडतात, शेकड्यांनी. मग औषध चालू असूनही रोग वाढायला लागतो. पूर्वीचे डॉक्टर हे व्हायची वाट बघायचे. हाडं दुखायला लागली, आकडे चढले, की औषध बदलायचं. तोवर उशीर झालेला असायचा.

डॉक्टर मुजावरांच्या पिढीनं हे उलटं केलं. ज्या पेशींनी अंगभर दारं उघडलीत, त्यांच्यावर एकदम संप्रेरकाचा पूर सोडायचा. एवढ्या दारांतून एवढं अन्न आत आलं की त्या पेशी आतूनच फुटतात. पूर सोडला की ज्यांना दारं कमी त्या पेशी तरतात. मग पुन्हा उपास, म्हणजे त्यांची उपासमार. एकदा हे, एकदा ते. रोग संपत नाही, पण त्याला पाय रोवायला जागा मिळत नाही.

डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं तेव्हा आबा खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते.

“म्हंजे समोरच्याला रोज एकच डाव टाकला तर तो तोड शोधतो,” ते म्हणाले. “मग डाव बदलायचा.”

“अगदी बरोबर वस्ताद. फक्त कधी बदलायचा हे बाहेरून दिसत नाही.”

“मग कसं कळणार?”

डॉक्टरांनी टेबलावर एक डबी ठेवली, हळदीकुंकवाच्या करंड्याएवढी. दर रविवारी बोटातून एक थेंब तिला द्यायचा. त्या थेंबात मेलेल्या पेशींचे जे बारीक तुकडे तरंगतात त्यांवरून ती ओळखते की आत्ता कुठली टोळी वाढतेय आणि कुठली घटतेय. तुकडे ठरलेल्या रेषेवर गेले की इस्पितळात निरोप जातो: बदला. त्याच थेंबातून ती बाकीचं रक्तही तपासते.

“पंच आहे म्हणा की,” आबा म्हणाले, आणि डबीचं नाव आमच्या घरात तेव्हापासून पंच पडलं.

औषधांचीही नावं पडली. संप्रेरक बंद असे ते दिवस म्हणजे उपास. पूर सोडला की पारणं.

पहिला उपास लांबला. आबांचे दंड उतरले, पोट सुटलं, छातीवरचा ताठपणा गेला. ऐन थंडीत अंगातून वाफा यायच्या, मग ते डोक्यावर ओला पंचा टाकून ओट्यावर बसायचे. मालिकेत कुणाची पाठवणी झाली की डोळे पुसायचे. तालमीत जायचं त्यांनी बंद केलं. पोरं बोलवायला आली की आतूनच सांगायचे, “वस्ताद झोपलेत म्हणावं.”

पण त्याच दिवसांत त्यांनी ओजूची वेणी घालायला घेतली. गड्याच्या मानेला पकड घालणारी ती बोटं तीन पेडांत अडकायची, सुटायची, पुन्हा अडकायची. ओजू ओरडायची, “आबा, केस आहेत ते, पैलवान नाही!” आणि आबा हसायचे. तिला मांडीवर घेऊन भरवायचे. दुपारी माझ्याशी बोलायचे, आईबद्दल, तिला काय आवडायचं याबद्दल. मला वाटायचं, आईला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

मग पारणं आलं. चार-सहा महिन्यांत माणूस परत भरला. छाती पुढं, आवाज मोठा, पहाटे दार उघडून तालमीत. तिथं मुलींची तुकडी सुरू केली. ओजूला खांद्यावर बसवून पेठेतून मिरवलं. सगळे म्हणाले वस्ताद परत आले. मीही म्हणाले. एक दिवस जोर मारताना ओजू तोंडावर आपटली आणि रडायला लागली, तर आबा असे गरजले, “रडायचं न्हाई!” की ती माझ्या मागे लपली. मला माझंच लहानपण माझ्या ओढणीला धरून उभं असल्यासारखं झालं. आबा स्वतःही दचकले होते. संध्याकाळी लिमलेटच्या गोळ्यांची पुडी घेऊन आले, तिच्यासमोर ठेवली आणि बाहेर जाऊन बसले.

झाकण पुन्हा वाजलं.

मी ओजूचा पाय हळूच बाजूला केला आणि उठले.

स्वयंपाकघरात आबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. एका हातात तांब्या. दुसऱ्या हाताच्या मुठीतून ते खडे मीठ तोंडात टाकत होते, शेंगदाणे टाकावेत तसं, आणि वर घटाघटा पाणी पीत होते. त्यांची मान, ती तऱ्हा, तोंड वाकडं करून घोट उतरवणं. मी हे आधी पाहिलं होतं. लहानपणी स्पर्धेच्या सकाळी, वजनाच्या काट्याजवळ. गटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी न पिता सुकलेली पोरं काट्यावरून उतरली की आबा त्यांना असंच मीठ-पाणी पाजायचे. मीठ पाणी धरून ठेवतं. तासा-दोन तासांत अंगावर दोन-तीन किलो चढायचे. सुकलेलं रक्त पुन्हा पातळ व्हायचं.

पातळ व्हायचं.

“आबा.”

ते वळले. मूठ मागे गेली, एवढ्या मोठ्या माणसाची.

“काय गं, उठलीस व्हय?”

“काय करताय?”

“पाणी पितोय की.”

“आणि मुठीत काय आहे?”

“मीठ. उन्हाचं बरं असतंय.”

“आषाढ चाललाय आबा.”

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, जसं काही आषाढानंच चुगली केली होती. मग मीठ परत बरणीत टाकलं आणि हात धोतराला पुसले.

“पंचाला फसवताय,” मी म्हणाले.

“फसवत न्हाई. जरा थांबवतोय.”

“किती दिवस?”

“नागपंचमीपतोर.” मग एकदम भरभर बोलायला लागले. “इस्पितळातली ती बाई रक्त काढताना म्हणाली हुती, पाणी लय पिऊन येऊ नका, आकडा पातळ येतो. माझ्या डोक्यात बसलं ते. रेष जवळ आली हुती गं. पंच म्हणणार बदला, मग परत उपास. मला फकस्त नागपंचमी पाहिजे. त्या दिवशी हौद्यातल्या मातीची पूजा असती. नवीन पोराला वस्तादानं स्वतः उचलून मातीत उतरवायचं असतं. आमच्या वस्तादांनी मला उचललं, मी पेठेतली निम्मी पोरं उचलली. ओजूला माझ्याशिवाय कोण उचलणार? एवढं झालं की घाला काय इंजेक्शनं घालायची ती.”

माझा आवाज फार मोठा आला.

“आबा, काल डॉक्टरांचा फोन आला होता. तुमचं रक्त पातळ झालंय म्हणून. त्यांना वाटतंय आजार मज्जेत गेला. मी रात्रभर…” मी बरणीचं झाकण लावलं. “मला वाटलं तुम्ही चाललात.”

आबा आधी हसले. खरंच हसले, मोठ्यानं, डाव बसल्यावर हसावं तसं. “म्हंजे तिलाबी फसवलं!” मग त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला आणि हसू विझलं. ते खाली बसले, माठाला टेकून.

“तू रडलीस व्हय रात्री?”

“मग काय करणार?”

“मीठ माझ्या पोटात आणि पाणी तुझ्या डोळ्यांत,” ते म्हणाले. हात पुढं केला, पण माझ्यापर्यंत पोचला नाही, म्हणून मीच बाजूला जाऊन बसले.

“रोगाची पेशी त्या मिठानं मरत नाही आबा,” मी म्हणाले. “फक्त दिसेनाशी होते. पंचाचे डोळे बांधले म्हणून समोरचा थांबत नाही. तो आत्ता वाढतोय. तुमच्या मणक्यात. आपण दोघं इथं बसून बोलतोय तेव्हासुद्धा.”

“माहीत हाय.”

“मग?”

माठाच्या ओलीनं त्यांच्या पाठीवर सदरा चिकटला होता.

“मागल्या उपासाला आरशात बघितलं ना, तर माझी धाकटी मावशी दिसायची,” ते म्हणाले. मला हसू आलं, त्यांना आलं नाही. “तू हस. मी पन्नास वर्षं या अंगाकडं बघून पोरांना शिकवलं. ते अंगच गेलं तर मी कोण? तालमीत पाय ठेवायची लाज वाटायची. तुला काय सांगू, मरायची भीती नव्हती एवढी. पोरं बघतील, ह्याची हुती.”

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. की त्या उपासातल्या माणसाचीच मला आठवण येते. की मला आई गेल्यावर वडील मिळाले ते त्या ओल्या पंच्याखाली. पण त्यांना जे लाजिरवाणं वाटतं तेच मला हवं आहे, हे बापाला कसं सांगायचं?

“आबा,” मी एवढंच म्हणाले, “ओजूची वेणी मला नीट घालता येत नाही. ती म्हणते आबांसारखी घाल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घालायला निघाले आणि दारात थांबले.

“ह्यात मीठ न्हाई ना पडलं?”

“नाही.”

“मग घालतो.”

बोटातून थेंब त्यांनी त्या दिवशी दिला नाही. “पाणी उतरू दे अंगातलं. खरी कुस्ती मंगळवारी,” असं म्हणाले आणि ओजूला उठवायला गेले.

मंगळवारी डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा लावला.

“वस्ताद, लोक माझ्याशी खोटं बोललेत. गोळ्या कुंडीत टाकल्यात. एकानं तर भावाचं रक्त दिलं होतं. मीठ-पाणी पिऊन यंत्राला हरवणारे तुम्ही पहिलेच.”

“हरवलं न्हाई डाक्टर. गुणांवर पुढं हुतो.”

“आणि हृदय बंद पडलं असतं म्हणजे? या वयात इतकं मीठ?”

आबा मान खाली घालून बसले, शाळेतल्या मुलासारखे. डॉक्टरांनी नवा थेंब घेतला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. रक्त दाट होतं, जसं असायला हवं होतं तसं. मज्जा ठीक होती. मी खुर्चीत मागे टेकले. मग दुसरी रेष उमटली. तुकडे ठरलेल्या खुणेच्या वर गेले होते.

“कधी ओलांडली?” मी विचारलं.

“काही आठवडे झाले असतील. उशीर झालाय.” त्यांनी माझ्याकडे नाही, आबांकडे पाहिलं. “पण फार नाही. आज बदललं तर डाव आपल्या हातात आहे. नागपंचमीनंतर बदललं तर मी हे वाक्य बोलू शकणार नाही. निर्णय तुमचा आहे, मुलीचा नाही.”

आबांनी बाही वर केली. तो दंड अजून भरलेला होता, गोल, तेल लावलेल्या लाकडासारखा. त्यांनी दुसऱ्या हातानं तो एकदा दाबून पाहिला.

“टोचा,” ते म्हणाले.

सुई बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “आता पाणी जास्त प्यालेलं ओळखायला यंत्राला शिकवावं लागेल. तुमच्यासारखे आणखी निघतील.”

“शिकवा की. त्या डावाला नाव माझं द्या फकस्त.”

नागपंचमीला तालीम झेंडूनं सजली होती. हौद्यातली माती चाळून, ताक-हळद घालून मऊ केलेली, कापराचा वास दारापर्यंत. आबा सकाळपासून वाफांनी हैराण होते. डोक्यावर ओला पंचा होता. मला वाटलं दारात तो काढतील, पण नाही काढला. तसेच आत गेले, पाय सांभाळत. सगळ्या मुली, मोठी पोरं उठून उभी राहिली.

“वस्ताद, खुर्ची आणू?” मुलींच्या तुकडीतली थोरली, गौतमी, म्हणाली.

“अजून मेलो न्हाई मी.” मग जरा थांबून, “आण.”

खुर्चीत बसून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “ऐका रे. माझ्या अंगात औषध चालू झालंय. काही महिने जोर नसणार. छाती उतरंल, पोट सुटंल, मध्येच असा भिजलेला पंचा दिसंल. ज्याला हसायचंय त्यानं आत्ता हसून घ्यावं. उद्यापासनं पहाटे मी हितंच बसणार. डाव तोंडानं सांगणार. चुकला तर शिव्या त्याच राहतील.”

कुणीच हसलं नाही. मग मागून एक पोरगा म्हणाला, “शिव्या कमी केल्या तरी चालंल वस्ताद,” आणि सगळी तालीम हसली. आबासुद्धा.

पूजा झाली. ओजू नवी चड्डी-बनियन घालून हौद्याच्या काठावर उभी होती, दोन वेण्या घट्ट घातलेल्या. आबा उठून तिच्याजवळ गेले. वाकले. तिच्या काखेत हात घातले. गौतमीनं एक पाऊल पुढं टाकलं. आबांनी जोर लावला, आणि मी पाहिलं की ते तिला उचलू शकले असते कदाचित, अर्धवट, दात खाऊन. त्यांनी हात सोडवून घेतले.

मग ते स्वतः काठावर बसले. एक पाय खाली सोडला, दुसरा सोडला, आणि घसरत हौद्यात उतरले. धोतर लाल झालं. मातीत मांडी घालून बसले आणि वर हात केला.

“ये खाली. मी हाय हितं.”

ओजूनं उडी मारली. थेट त्यांच्या मांडीवर. आबांनी मूठभर माती घेऊन तिच्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या, आणि तालमीत कुणीतरी जोरात ‘बजरंग बली की’ म्हणालं. मीही ‘जय’ म्हणाले.

परतताना आबा गौतमीच्या खांद्यावर हात ठेवून पुढं चालले होते, पाऊल टाकता टाकता तिला पकड कुठे चुकते ते सांगत. ओजूनं माझं बोट धरलं होतं. कपाळावरची माती वाळून भुरभुर गळत होती. ती बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होती.

“आई, आबांची ताकद गेली?”

“हो. थोडे दिवस.”

“परत येणार?”

“येणार. औषध बदललं की.”

तिनं विचार केला. मग मान वर करून म्हणाली,

“बाबा जातात तेव्हा पुण्यात असतात. मग आबांची ताकद आत्ता कुठं आहे?”